सदर बुटका

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात पाच संगणक आहेत. ते आले त्या दिवशी साहेबांनी बैठक घेऊन जाहीर केलं की यापुढे सगळे नकाशे संगणकावरच निघतील. नकाशे मी आजही कागदावर, पेन्सिलीनं काढते. संगणक मोकळे नसतात. त्यांच्यावर किल्ला चालू असतो.

किल्ला म्हणजे खेळ. तो आमच्या स्टोअरकीपरनं आणला. त्याला सगळे वॉशर म्हणतात, कारण स्टोअरमधून काहीही मागा, पाना मागा, व्हॉल्व्ह मागा, तो मान न उचलता सांगतो, "ते नाही, वॉशर आहे." नोकरीला लागल्यापासून त्यानं खात्याला वॉशरखेरीज दिलेली ही एकच वस्तू. खेळात डोंगर पोखरून किल्ला करायचा असतो. आत दाढीवाले बुटके राहतात. त्यांच्या खाण्यापिण्याची, झोपण्याची सोय करायची आणि त्यांना कामं नेमून द्यायची. बुटके कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. पाणी भरायला सांगितलं की मेजवानीला बसतात, भिंत बांधायला सांगितली की भिंतीच्या चुकीच्या बाजूला उभे राहून स्वतःलाच कोंडून घेतात. आमच्या कार्यालयात हा खेळ पहिल्या दिवसापासून सगळ्यांना जमला, त्याचं कारण हेच असावं.

खरा किल्ला एकच आणि खेळणारे सहा-सात; बाकीच्या संगणकांवर सराव चालतो. एकानं किल्ल्याचं एक वर्ष चालवायचं आणि पुढच्याकडे सोपवायचं. हे वर्ष कचेरीच्या एका दिवसात उरकतं, कारण मधे दुसरं काम नसतं. सोपवताना बाकीचं जग काय करतं मला ठाऊक नाही, आमच्याकडे कार्यभार हस्तांतरणाचं टिपण लिहितात. तीन प्रती, जावक क्रमांक, खाली सही आणि हुद्दा. "सदर किल्ल्यात सद्यःस्थितीत त्रेसष्ट बुटके कार्यरत असून त्यापैकी दोन वेडे झाले आहेत." कुणीतरी गमतीनं सुरू केलं असणार. पण आमच्या खात्यात गमतीनं सुरू केलेली गोष्ट पंधरा दिवसांत नियम होते आणि महिन्याभरात त्या नियमाचा भंग केल्याबद्दल खुलासा मागवला जातो.

आता मामाबद्दल. पंपघरावरच्या ऑपरेटरला अख्खं खातं मामा म्हणतं. मी एकटीच खरंखुरं म्हणते, तो माझ्या आईचा धाकटा भाऊ आहे. घरी मी त्याला अरे-तुरे करते आणि कचेरीत अहो-जाहो. इथे घरचंच चालवते. चौतीस वर्षं त्यानं त्या एकाच पंपघरावर काढली आणि चौतीस वर्षं पाळीवर आल्या आल्या एकच काम आधी केलं. पंप चालू असायचा, तो बंद करून पाहायचा. बंद झाला की पुन्हा चालू करायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा, "बंद करून पाहिले." मगच डबा खुंटीला अडकवायचा. साहेब नवे आले तेव्हा हे बघून खूप हसले होते. "मामा, लोक पाणी चालू असल्याबद्दल आपल्याला दुवा देतात, बंद असल्याबद्दल नाही." मामा हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बंद करून पाहिलं.

गेल्या महिन्यात पंपघराच्या तळघरात पाइपाचा सांधा फुटला. पंपघर दोन मजली आहे. वर दार, टेबल आणि रजिस्टर. अठरा पायऱ्या उतरून खाली दोन पंप. पंपांचा खटका, म्हणजे स्टार्टरची लोखंडी पेटी, खालच्या भिंतीवर. मामा जिन्यापाशी पोचला तेव्हा खाली कमरेइतकं पाणी होतं आणि पेटीतून गुंऽऽ आवाज येत होता. त्या पाण्यात उतरून त्या पेटीला हात लावायचा म्हणजे काय, हे चौतीस वर्षं पंप चालवलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तो उतरला नाही. गाळणीच्या टाक्यांना वळसा घालून, मागच्या माळावरून ट्रान्सफॉर्मरच्या खांबापर्यंत साठाव्या वर्षी धावत गेला आणि तिथून वीज तोडली. तोवर दोन्ही मोटारी बुडाल्या होत्या. चार दिवस शहर कोरडं होतं. पाचव्या दिवशी पाणी आलं आणि मामाच्या हातात निलंबनाचा कागद आला. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

सहाव्या दिवशी एक चमत्कार झाला. खटक्याची नवीकोरी पेटी वरच्या भिंतीवर, दाराशेजारी दिसू लागली. सातव्या दिवशी साहेबांचा अहवाल वर गेला. "खटका वरच्या मजल्यावर, हाताच्या अंतरावर उपलब्ध असूनही सदर ऑपरेटरने हलगर्जिपणामुळे तो वेळेत न दाबल्याने सदर दुर्घटना घडली." हलगर्जीपणातला 'जी' साहेब आयुष्यभर ऱ्हस्वच लिहीत आले आहेत. सांगायची कुणाची छाती नाही. मामाचं रजिस्टर भिजून लगदा झालं होतं. पंपघराचा मूळ नकाशा कपाटातून नाहीसा झाला होता, तो उंदरांनी नेला असावा असं साहेबांचं मत पडलं. खात्यानं माझ्या मामाला मामा बनवलं. हे वाक्य विनोद म्हणून चांगलं आहे, पण मला ते हसत म्हणता येत नाही.

कारण साहेब आल्यावर जुनं पंपघर पाडून त्याच जागी हे बांधलं, तेव्हा तो नकाशा मी काढला होता. पहिल्यांदा काढला तेव्हा खटका वरच, दाराशेजारी होता. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा इथे कशाला? इथे संगमरवरी पाटी येणार आहे." पाटीवर सात जणांची नावं होती, त्यात साहेबांचं पाचवं. खटका खाली न्यायला सांगितला. मी म्हटलं, "साहेब, खाली पाणी भरलं तर?" म्हटलं खरं, पण हळू आवाजात, आणि हळू आवाजात म्हटलेलं आमच्या खात्यात धरत नाहीत. मग खोडरबर घेतलं आणि खटका खाली काढला. खोडरबर माझंच, पेन्सिलही माझीच.

आता साक्ष द्यायची म्हटलं तर साहेबांनी आधीच केबिनमध्ये बोलावून प्रेमानं समजावलं होतं. "मॅडम, तुम्ही पडलात नात्यातल्या. तुमचं म्हणणं ग्राह्य धरता येणार नाही, उलट तुमच्यावरच बालंट यायचं. मला तुमची काळजी वाटते." साहेबांना काळजी वाटायला लागली की आपण आपली काळजी घ्यावी, एवढं मी या नोकरीत शिकले आहे.

मामा त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात बसून असायचा. घरातल्या सगळ्या नळांची दुरुस्ती त्यानं पहिल्या दोन दिवसांत संपवली, मग शेजाऱ्यांच्या नळांवर घसरला. तेही संपल्यावर आमचाच नळ पुन्हा खोलून बसला.

"त्या नळाला तरी सुटी दे रे," आई म्हणाली. "तुला मिळालीय तशी."

"ताई, थेंब येतोय."

"येऊ दे. थेंबापायी काही निलंबित करत नाहीत."

मामा हसला नाही. वरून चौकशीला कुणीतरी येणार होतं, तीन दिवसांसाठी, आणि त्या तीन दिवसांत ठरणार होतं की मामा निवृत्त होणार की बडतर्फ. त्याला नोकरीचं फारसं वाटत नव्हतं. "हलगर्जी लिहिलंय गं त्यांनी," एवढंच तो दिवसातून दोनदा म्हणायचा. "दुसरं काहीही लिहायचं होतं."

त्याचं मन रमावं म्हणून मी त्याला किल्ल्याचं सांगायला लागले. त्याच आठवड्यात किल्ला माझ्याकडे आला होता. घरावर संकट आणि ही बाई खेळतेय, हे ऐकायला बरं दिसत नाही, पण पाळी चुकवली तर खुलासा द्यावा लागतो. किल्ल्यातल्या बुटक्यांना पाणी नव्हतं. नदी खाली दरीत आणि वस्ती वर. एक पंप पाणी एकच मजला चढवतो, म्हणून आठ पंप एकावर एक रचून ते वस्तीच्या तळमजल्यावरच्या हौदात सोडायचं. प्रत्येक पंपाला शक्ती लागते दहा. वर डोंगरमाथ्यावर पवनचक्की उभारली की ती देते चाळीस. मधे लाकडी आस आणि दातेरी चाकं.

"म्हणजे दोन चक्क्या," मामा म्हणाला. नळ खाली ठेवून तो ऐकत होता.

"आसातही थोडी शक्ती जाते. मी तीन लावतेय."

"बरं करतेस. आणि वारा पडला की?"

"पडत नाही. खेळात एकदा वारा ठरला की ठरला. बारा महिने तेवढाच."

मामाचा चेहरा उतरला. "वारा पडतच नाही? मग पंप बंद कसा करायचा?"

"बंद कशाला करायचाय? प्यायला पाणी हवंय त्यांना."

माझ्या तोंडून साहेब बोलले होते. मामानं माझ्याकडे पाहिलं. मग मी त्याला सांगितलं की खेळात खटका करता येतो. लाकडी दांडा असतो, तो यंत्रानं दातेरी चाकाशी जोडायचा. दांडा ओढला की चाक सुटतं आणि वर चक्की फिरत राहिली तरी खाली शक्ती जात नाही.

"आधी ते कर," मामा म्हणाला. "मग चक्की. आणि खटका वर ठेव, दाराशी. पाण्याच्या वर."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी तसंच केलं. वरच्या दालनात दाराशेजारी खटका बसवला, चाकाशी जोडला, दोनदा ओढून पाहिला. ज्या बुटक्याला पंपाचं काम दिलं त्याचं नाव बदलता येतं, म्हणून ठेवलं मामा. माझ्या टिपणात मी लिहिलं, "बंद करून पाहिले." टिपण वाचून वॉशर हसला. मामाला घरी दाखवलं तेव्हा मात्र त्यानं कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

माझ्यानंतर साहेबांची पाळी होती. साहेब खेळतात तेव्हा मागे दोन-तीन जणांनी उभं राहायचं असतं, ती पद्धत आहे. पहिल्याच तासात त्यांनी तीनच्या बारा चक्क्या केल्या.

"साहेब, तीन पुरतात," मी म्हटलं.

"दिसायला पाहिजे ना काहीतरी."

दिसायला छानच दिसत होत्या. मग एवढी शक्ती वाया जाते म्हणून त्यांनी पंपांची आणखी एक रांग चढवली. मग वरच्या दालनात स्वतःचा पुतळा मांडायला काढला. खेळात तीही सोय आहे. पुतळा दाराशेजारी हवा होता, आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल असा.

"हा खटका इथे कुणी ठेवला?"

"मी."

"मग पुतळा कुठे जाणार? खाली घ्या तो. हौदाजवळ बरा."

मी पुन्हा म्हटलं, "साहेब, खाली पाणी भरलं तर?" पुन्हा हळू आवाजात. माणूस स्वतःच्या चुकाही किती नियमितपणे करतो.

खेळातला पावसाळा येईपर्यंत हौद भरला. मग काठावरून वाहिला. मग खालची झोपायची खोली, मग कोठार, मग जिना. बाराच्या बारा चक्क्या वर ऐटीत फिरत होत्या. साहेबांनी खटका ओढायचा हुकूम सोडला. बाकीचे बुटके मेजवानीत होते, एक उठला. तो जिना उतरला, पाण्यात शिरला, चार चौकोन पुढे गेला. खटका दोन चौकोनांवर राहिला होता. पडद्याच्या तळाशी लाल अक्षरात ओळ आली की मामा बुडून मेला.

मला भरून आलं. पडद्यावरच्या इवल्याशा दाढीसाठी डोळे पुसताना कुणी पाहिलं असतं तर माझंही नाव वेड्या बुटक्यांच्या यादीत गेलं असतं, पण मला राहवेना. हा मामा सांगितलं तसं वागला. उतर म्हटलं, उतरला, आणि मेला. माझा मामा उतरला नाही म्हणून जिवंत होता, आणि उतरला नाही हाच त्याचा गुन्हा होता. इतकी साधी गोष्ट मला इतके दिवस कुणाला नीट सांगता आली नव्हती.

साहेब मात्र अजिबात डगमगले नाहीत. वर्ष संपायला थोडा अवधी होता. त्यांनी पुतळ्याच्या पायाशी एक नवा खटका उभा केला.

"जोडायला यंत्रं लागतील, साहेब," वॉशर म्हणाला. "कोठार पाण्यात गेलंय, यंत्रं शिल्लक नाहीत."

"राहू दे. दिसतोय ना?" साहेब म्हणाले, आणि टिपण लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाल्या बाई आल्या. आम्हाला वाटलं होतं कुणी जाडजूड गृहस्थ येतील, ज्यांना जेवणखाण, गाडी, विश्रामगृह असं करता येईल. बाई बसनं आल्या. पुष्पगुच्छ टेबलावर ठेवून विसरल्या, चहा नको म्हणाल्या, गाडीही नको म्हणाल्या. पहिला दिवस त्यांनी सगळ्यांचे जबाब घेण्यात घालवला. माझा जबाब घेताना साहेब शेजारी बसून होते, "या त्यांच्या भाची" एवढं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि मी खालमानेनं फक्त हुद्दा आणि नोकरीची वर्षं सांगितली. साहेबांच्या पोतडीतली सगळी हत्यारं त्या दिवशी बोथट ठरली होती. संध्याकाळी बाई निघता निघता वॉशरच्या पडद्यापाशी थबकल्या.

"हा किल्ला कुणाचा?"

साहेब लगबगीनं पुढे आले. "आमचाच, मॅडम. सांघिक भावना वाढावी म्हणून. तुम्हाला आवड आहे?"

"घरी एक आहे. नऊ वर्षं झाली." बाई चष्मा लावून वाकल्या. "पवनचक्क्या बारा?"

"बारा," साहेब म्हणाले. त्यांना ती शाबासकी वाटली. लोणी लावायला शेवटी एकदाची जागा सापडली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "पुढचं वर्ष तुम्हीच चालवा ना, मॅडम. आमचा मान राहील. चौकशीचं काय, कागद सगळे तयारच आहेत." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं टिपणाची प्रत बाईंना दिली, जावक क्रमांकासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई संगणकावर बसल्या. कळा दाखवायला मला शेजारी बसवलं होतं, पण त्यांची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत होती. पाणी अजून चढतच होतं. त्यांनी टिपण वाचलं, पुतळ्याजवळचा खटका शोधला आणि ओढायचा हुकूम दिला. एक बुटकी आली, तिनं ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढायला लावला. चक्क्या फिरत होत्या, पंप चालू होते.

"हा कशालाच जोडलेला नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"जोडलेला कुठे आहे?"

मी काही बोलायच्या आत त्या एकेक मजला खाली उतरत गेल्या. तळाला, सगळीकडे निळं होतं तिथे, त्यांना खटका सापडला. त्याच्या अलीकडे दोन चौकोनांवर एक मृतदेह होता. त्यांनी त्याच्यावर जाऊन नाव वाचलं.

"हे मामा कोण?"

"पंपाचे ऑपरेटर," मी म्हटलं. "नाव मी ठेवलं. माझे मामा पंपघरावर आहेत. म्हणजे होते."

बाईंनी टिपण पुन्हा हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, एखादी यादी वाचावी तशा सुरात. "खटका वरच्या मजल्यावर, हाताच्या अंतरावर उपलब्ध असूनही सदर बुटक्याने हलगर्जिपणामुळे तो वेळेत न ओढल्याने सदर दुर्घटना घडली."

त्यांनी पिशवीतून चौकशीची फाइल काढली, साहेबांचा अहवाल उघडला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलं. ऑपरेटरच्या जागी बुटका होता आणि 'दाबल्याने'च्या जागी 'ओढल्याने'. बाकी शब्द न् शब्द तोच. बोट 'जि'वर थांबलं, मग दुसऱ्या 'जि'वर.

"टिपणं तुमच्याकडे कोण लिहितं?"

"ज्याची पाळी असेल तो. हे साहेबांचं आहे."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फाइल मिटली. मग दोन बुटके डोंगरमाथ्यावर पाठवून त्यांनी चक्क्यांखालचा आस काढून टाकला. पंप थांबले. पाणी ओसरायला किल्ल्याचे दोन महिने गेले. ओसरल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मामाला पुरायला थडगं खोदायला लावलं. "पुरला नाही तर भूत होऊन छळतो," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्या खेळाबद्दलच बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी पंपघराची पाहणी. बाई, साहेब, मोजायचा टेप घेऊन मी, आणि बोलावल्यावरून आलेला मामा. मामानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं बळजबरीनं घालायला लावला होता. संगमरवरी पाटी वीतभर सरकवून तिच्याखाली नवी पेटी बसवलेली होती. हिरवं बटण, लाल बटण, वर प्लास्टिकचा कागद अजून तसाच. खाली दोन्ही पंप चालू होते आणि त्यांचा आवाज जमिनीतून पायांना लागत होता.

"पाहा, मॅडम," साहेब मोठ्या आवाजात म्हणाले. "दारातून हात लांबवला की खटका. यापेक्षा सोय ती काय करायची?"

बाईंनी पेटीकडे पाहिलं नाही. त्या मामाकडे वळल्या. "पाळीवर आल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"बंद करून पाहतो," मामा म्हणाला.

"मग पाहा."

"अहो मॅडम," साहेब मधे आले, "शहराला पाणी चालू आहे. आता कशाला उगीच..."

मामानं हात पँटला पुसला. पेटीवरचा प्लास्टिकचा कागद काढला, नीट घडी केला, टेबलावर ठेवला. लाल बटण दाबलं.

पंप चालूच राहिले.

त्यानं पुन्हा दाबलं, या वेळी अंगठ्यानं, जोर लावून. खालून आवाज येतच होता. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः दाबून पाहिलं. साहेब पाटीकडे बघत होते, जणू त्यांचं नाव अजून पाचव्या ओळीत आहे ना हे तपासत होते.

"जोडणी तेवढी बाकी आहे," ते शेवटी म्हणाले. "किरकोळ काम आहे. याच आठवड्यात करणार होतो. नवीन पेटी म्हटल्यावर..."

"नवीन," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तोंड मिटलं, पण जे बाहेर यायचं ते आलं होतं.

"आधी कुठे होती?" बाईंनी विचारलं. विचारलं सगळ्यांना, पण बघत माझ्याकडे होत्या.

पंपांच्या आवाजात हळू बोललेलं ऐकूच येत नाही, हे बरं झालं. "खाली होती," मी ओरडून सांगितलं. "तळघरात, पंपांच्या मागच्या भिंतीवर. नकाशा मी काढला. आधी वर काढली होती, मग या पाटीसाठी साहेबांनी खाली घ्यायला सांगितली आणि मी घेतली. चूक माझीही आहे. तसंही लिहा."

"या नात्यातल्या आहेत," साहेब म्हणाले.

"परवाच समजलं," बाई म्हणाल्या. त्या अठरा पायऱ्या उतरून गेल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना ओल्या गिलाव्याची पांढरी माती लागली होती. "चार बोल्टांची भोकं बुजवलेली आहेत. गिलावा अजून वाळला नाही. पंप आत्ता बंद कुठून होतो?"

"खांबावरून," मामा म्हणाला. "माळापलीकडे."

"त्या दिवशी तुम्ही तिथे गेलात?"

"धावत गेलो."

"चला."

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि निघाल्या. मामा पुढे, त्या मागे, आणि त्यांच्या मागे नव्या बुटांत साहेब. मी पंपघरात थांबले. खिडकीतून ते तिघं गाळणीच्या टाक्यांना वळसा घालताना दिसले, मग माळावर लहान लहान होत गेले. मामा रेंगाळत नव्हता, घाईही करत नव्हता. मी टेबलाशी बसून नवं रजिस्टर चाळलं. मामा गेल्यापासूनची पानं होती. प्रत्येक ओळीत एकच शब्द. चालू. चालू. चालू. चालू.

बऱ्याच वेळानं जमिनीतला आवाज बसला. इतकं शांत पंपघर मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

तिघं परत आले तेव्हा साहेबांच्या बुटांना आणि विजारीला कुसळं चिकटली होती. बाईंनी घड्याळ पुन्हा पाहिलं आणि रजिस्टर मामाकडे सरकवलं. मामानं खिशातून पेन काढलं. पेनबरोबर माझ्या टिपणाची घडीही बाहेर आली, ती त्यानं परत आत ठेवली. मग वाकून, चौतीस वर्षांच्या त्याच अक्षरात त्यानं लिहिलं, "बंद करून पाहिले. बंद होत नाही. खांबावरून बंद केले, चालत अकरा मिनिटे." बाईंनी त्याखाली सही केली, तारीख घातली आणि पेन साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी ओळ दोनदा वाचली. त्यात सदर नव्हतं, हलगर्जिपणा नव्हता, धरायला जागाच नव्हती. त्यांनी सही केली.

"शहराला पाणी थांबलंय," पेन परत देताना ते म्हणाले. आवाजात थोडा साहेब अजून शिल्लक होता. "आता चालू कोण करणार?"

मामानं रजिस्टर मिटलं.

"चालू काय साहेब," तो म्हणाला, "ते कुणीही करतं."